घरं वाचली, माणसांचं काय?

शनिवार-रविवार आला की आमच्या गल्लीत फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. निळं दार, गुलाबी भिंत, कोपऱ्यात काटेरी निवडुंग... लग्न ठरलेली जोडपी, कॅमेरे गळ्यात अडकवलेले पर्यटक, पंधराव्या वर्षाच्या वाढदिवसाचा फुगीर झगा घातलेल्या मेक्सिकन मुली, सगळे इथंच. मध्यंतरी एक बाई मला माझ्याच दारात म्हणाल्या, “जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय.” मी भाजीची पिशवी सावरत बाजूला झाले. राग नाही आला. पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. जुनी वस्ती जपायची, असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय जपायचं असतं? नुसतं दार, की दारातली बाईसुद्धा?

मी राहते ते गाव टूसॉन. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, अ‍ॅरिझोना राज्यात, सोनोराच्या वाळवंटात. (इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधेच एक ‘सी’ आहे, तो कुणीच उच्चारत नाही.) मेक्सिकोची हद्द इथून शंभरएक किलोमीटरवर. तोहोनो ओऑडम या मूळ रहिवाशांची ही भूमी. १७७५ मध्ये स्पॅनिश सैन्यानं इथं गढी बांधली, मग मेक्सिकोचं राज्य आलं, आणि १८५४ मध्ये अमेरिकेनं हा पट्टा मेक्सिकोकडून विकत घेतला. “आम्ही अमेरिकेत आलो नाही, अमेरिका आमच्याकडे आली,” असं इथली जुनी माणसं म्हणतात ते उगाच नाही.

आमच्या वस्तीचं नाव बारिओ व्हिएहो. म्हणजे जुनी वस्ती, आपली जुनी पेठच म्हणा ना! आम्ही इथं भाड्यानं राहतो. पहिल्यांदा घर बघायला आले तेव्हा मला हसूच आलं. मराठवाड्यातलं माळवदाचं घर सोडून सातासमुद्रापार यायचं आणि पुन्हा माळवदाच्याच घरात बिऱ्हाड मांडायचं!

खरंच, मैत्रिणींनो, उस्मानाबाद-लातूरकडच्या कुणाला हे घर परकं वाटणार नाही. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या दीड-दोन फूट रुंद भिंती. या विटांना ‘अडोबी’ म्हणतात. सपाट धाबं. आत मान वर करून बघावं तर लाकडी तुळया, आणि त्यावर आडव्या काड्या दाटीनं रचलेल्या. या काड्या सग्वारोच्या. सिनेमात हात वर करून उभा असलेला तो उंच निवडुंग दिसतो ना, तोच. तो वाळून पडला की आतून लाकडाच्या लांबच लांब काठ्या निघतात. त्यावर मातीचा थर. धाब्यावरचं पाणी उतरायला भिंतीतून बाहेर काढलेल्या पन्हळी. पुढे ओटा नाही, अंगण नाही, भिंत थेट रस्त्याला भिडलेली. दारातून आत गेलं की वाड्याच्या देवडीसारखी एक बोळकांडी, आणि तिच्या पलीकडे मागचं अंगण. जे काही मोकळं असेल ते आत, चार भिंतींच्या सावलीत.

हे सगळं ठरलं ते उन्हामुळे. टूसॉनचा जून म्हणजे आपला जळगाव-अकोल्याचा मे. पारा चाळीसच्या पुढे सहज जातो; २६ जून १९९० ला तो सत्तेचाळीसवर गेला होता. जाड मातीच्या भिंतीत ऊन मुरायलाच दिवस जातो. ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि वाळवंटातली रात्र झपाट्यानं गार होते. तेवढ्या वेळात दारं-खिडक्या उघडून घर निववून घ्यायचं आणि सकाळी आठाच्या आत पडद्यांसकट सगळं बंद करायचं. माझ्या आजीनं हे कुणाकडून शिकलं नव्हतं, इथल्या आज्यांनीही नाही. पूर्वी उन्हाळ्यात अख्खं गाव अंगणात बाजा टाकून झोपायचं. चादरी ओल्या करून पांघरायचे म्हणे.

आणि कूलर! अमेरिकेत कूलर असतो हे मला इथं आल्यावर कळलं. ताट्या, पाण्याची मोटर, पंखा, सगळं तेच, फक्त तो धाब्यावर बसवलेला असतो आणि वाळ्याचा वास तेवढा नाही. मे-जूनच्या कोरड्या हवेत फर्स्टक्लास चालतो. जुलैत पाऊस सुरू झाला की नुसती दमट हवा फेकतो, आणि मग घरोघरी त्याच्या नावानं खडे फोडणं सुरू होतं. इथल्या पावसालाही ‘मान्सून’च म्हणतात. वर्षाचा सगळा पाऊस मिळून अकरा-बारा इंच, त्यातला निम्मा या दोन-तीन महिन्यांत. २४ जूनला सेंट जॉनचा सण असतो, तेव्हापासून जुनी माणसं आभाळाकडे बघायला लागतात. आपलं मृगाचं बघतो तसंच.

असं घर जपायचं म्हणजे बाईमाणसाच्या जिवाला किती घोर, हे फोटो काढणाऱ्यांना कसं कळणार? मातीच्या घराचा खरा शत्रू पाणी, आणि त्याच्याहून मोठा शत्रू सिमेंट. ऐकायला उलटं वाटेल. मागच्या पिढीत अनेकांनी ‘एकदाचं पक्कं करून टाकू’ म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला. झालं काय, की जमिनीतून चढलेली ओल बाहेर पडेना, आतल्या आत भिंत भुसभुशीत होत गेली. बाहेरून चकाचक, आतून पोकळ! गावाबाहेर सॅन झेवियर नावाचं पांढरंशुभ्र चर्च आहे, १७९७ मध्ये पुरं झालेलं. त्याचंही सिमेंटनं असंच नुकसान झालं. शेवटी ते सिमेंट खरवडून काढलं आणि चुन्याचा गिलावा केला. चुन्यात काय मिसळलं माहितेय? फड्या निवडुंगाची पानं शिजवून काढलेलं बुळबुळीत पाणी! आपल्याकडे घाणीवर मळलेल्या चुन्यात गूळ नि बेलफळ घालायचे, त्याचीच ही वाळवंटातली बहीण.

माती म्हटलं की गहिवरणारी मंडळी आजकाल पुष्कळ झालीत. त्यांना एक सांगावंसं वाटतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागातली कुठलीही बाई विसरलेली नाही. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, ती बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद अंगावर पडून. त्यानंतर ज्यांनी पत्र्याखाली राहणं पत्करलं, त्यांना ‘परंपरा जपा’ म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. इथंही १८८७ मध्ये सीमेपलीकडे सोनोरात मोठा भूकंप झाला, तेव्हा मातीचीच घरं पडली. म्हणजे जुनं ते सगळं सोनं, असं मी मुळीच म्हणत नाही. भिंती आणि धाबं एकमेकांना नीट बांधून घ्यावे लागतात, त्याला जाणकार लागतो, आणि जाणकाराला पैसे लागतात. पैशाचा मुद्दा पुढे येणारच आहे.

आता या वस्तीची खरी गोष्ट सांगते.

१८८० मध्ये टूसॉनला रेल्वे आली. रेल्वेनं भाजक्या विटा आणल्या, लाकूड आणलं, पत्रे आणले. मग उतरत्या छपराची, पुढे बाग असलेली घरं म्हणजे सुधारलेली, आणि मातीची घरं म्हणजे मागासलेली असं ठरून गेलं. मातीच्या घरात राहायचं कुणी? मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं, चिनी वाणी, काळे लोक, ओऑडम लोक. ज्यांना दुसऱ्या भागात घर मिळणं मुश्किल होतं ते सगळे. आणि त्यांनी वस्ती कशी गजबजती ठेवली! १९१५ मध्ये कारमेन सोतो वास्केस नावाच्या बाईंनी इथल्या मेयर रस्त्यावर चक्क नाट्यगृह बांधलं. स्पॅनिश नाटकं, संगीतिका तिथं होत. ‘तेआत्रो कारमेन’ची ती इमारत अजून उभी आहे. बाईच्या नावाचं, बाईनं बांधलेलं थिएटर, ते सुद्धा १९१५ मध्ये! मी तिच्यावरून रोज जाते, आणि रोज मला बरं वाटतं.

मग आलं ‘नागरी नूतनीकरण’. हा शब्द आपल्याला आता पाठ झालाय. १९६६ च्या मार्चमध्ये मतदान झालं आणि जुन्या वस्तीचा सुमारे ८० एकरांचा तुकडा पाडायचा ठरला. कारण? झोपडपट्टी झालीय, शहराच्या नावाला बट्टा आहे. घरं गेली, दुकानं गेली, चौक गेले, शेजार गेला. त्या जागी मोठं सभागृह, नाट्यगृह आणि गाड्या लावायला अफाट मैदान झालं. १९७१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आजचं टूसॉन कन्व्हेन्शन सेंटर ते हेच. इतिहासकार लिडिया ओतेरो यांनी या पाडापाडीवर ‘ला काये’ म्हणजे ‘रस्ता’ नावाचं पुस्तक २०१० मध्ये लिहिलं. तेव्हा निदान जुना चौक तरी वाचवा म्हणून लढायला उभ्या राहिल्या त्या आल्वा टोरेस नावाच्या गृहिणी. त्यांनी समिती काढली, सभा घेतल्या. चौक काही त्यांना हवा तसा वाचला नाही. पुढे त्या एका दैनिकात सदर लिहीत, त्यात सणवार, खाणंपिणं, जुन्या घरांच्या आठवणी असं सगळं असे. आपलीच बाई की नाही?

उरलेली वस्ती वाचली कशी, तर एका नवसाच्या जागेमुळे. पडक्या मातीच्या भिंतीपुढे मेणबत्त्या तेवत असतात, ती जागा म्हणजे ‘एल तिरादितो’. अर्थ साधारण ‘टाकून दिलेला’. प्रेमाच्या भानगडीत मारल्या गेलेल्या एका तरुणाला जिथं पडला तिथंच पुरलं, अशी कथा सांगतात. भानगड कुणाशी होती ते मात्र सांगणाऱ्यावर अवलंबून! पापी म्हणून त्याला चर्चच्या आवारात जागा नव्हती, पण आयाबाया त्याच्यासाठी मेणबत्ती लावू लागल्या. लावलेली मेणबत्ती रात्रभर तेवली तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. सभागृहानंतर या वस्तीतून महामार्ग न्यायचा घाट घातला गेला. तेव्हा लोकांनी जोर लावून १९७१ मध्ये ही जागा ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीत घातली. केंद्राच्या पैशातून रस्ता करताना नोंदीतलं स्थळ असं सहजी पाडता येत नाही. महामार्ग बारगळला. ज्याला कुणी जागा दिली नाही त्यानं सगळ्यांची जागा वाचवली. मग शेजारची आर्मरी पार्क वस्ती १९७६ मध्ये आणि आमची १९७८ मध्ये राष्ट्रीय नोंदीत आली.

इथपर्यंतची गोष्ट गोड वाटते. पण ती इथं संपत नाही.

नोंद झाली, नियम आले, दुरुस्त्या झाल्या, रंग लागले. आणि ज्या घरांना १९६० च्या दशकात झोपडपट्टी म्हणून पाडलं, तसल्याच घरांना गिऱ्हाईकं दुरून येऊ लागली. किंमत चढली, तिच्यामागून घरपट्टी चढली, भाडी चढली. अ‍ॅरिझोनात एक चांगली योजना आहे. ऐतिहासिक नोंदीतल्या घरात मालक स्वतः राहत असेल आणि घर नीट जपत असेल, तर पंधरा वर्षांच्या करारावर मालमत्ता करात भरघोस सूट मिळते. पण जो भाड्यानं राहतो त्याच्या पदरात यातलं काही पडत नाही. त्यात २०१६ मध्ये राज्यानं कायदा केला की पर्यटकांना चार-आठ दिवसांसाठी घर भाड्यानं देण्यावर गावांना बंदी घालता येणार नाही. आता आमच्या रांगेत काही दारांवर आकडे फिरवून उघडायची किल्लीची डबी लटकलेली दिसते. गुरुवारी बॅगांच्या चाकांचा खडखडाट येतो, सोमवारी जातो. त्या घरांचा गिलावा दृष्ट लागण्यासारखा आहे. पण अंगणात कपडे वाळत नाहीत, आणि रात्री कुणाच्या पोटात दुखलं तर ओव्याची पूड मागायला जावं, असं तिथं कुणी नसतं.

शेजारच्या आजींना मी ‘दोन्या’ म्हणते, इथं वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. त्या मला ‘मिहा’ म्हणतात, म्हणजे ‘माझी लेक’. त्यांचं बालपण ज्या गल्लीत गेलं ती आता पार्किंगखाली आहे. त्या माझ्याकडे वरणफळं खातात, मी त्यांच्याकडे मैद्याच्या पातळ रोट्या लाटायला शिकते. (आपली रुमाली रोटी झक मारेल अशा पातळ!) मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मागच्या भिंतीचा तळ खचला. पुढची भिंत असती तर रंग, खिडकी, दार कसं असावं ते सांगायला समिती आहे, आणि ते असायलाच हवं, नाहीतर एव्हाना सगळ्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या ठोकल्या असत्या. पण मातीचं काम जाणणारा गवंडी मिळणं अवघड, आणि मिळाला तरी त्याची मजुरी पेन्शनीत बसत नाही. सिमेंट मारणारा मात्र फोन केला की दुपारी हजर. दोन्या म्हणाल्या, “मिहा, हे लोक मला सांगतात घर कसं दिसलं पाहिजे. त्यात राहायचं कसं ते कुणी सांगत नाही.”

माझं म्हणणं एवढंच आहे. जपणुकीचे नियम करणाऱ्यांनी भिंतीची काळजी घेतली, तेवढीच भिंतीमागच्या संसाराची घ्यायला हवी होती. करातली सूट द्यायचीच, तर जो वीस-तीस वर्षं तिथं राहिला त्याला आधी द्या, आणि घरमालकानं जुन्या भाडेकरूला ठेवलं तर त्यालाही द्या. दुरुस्तीची सक्ती करायची, तर मातीचं काम शिकवायची सोयही करा. इथं जवळच डनबार-स्प्रिंग नावाची जुनी वस्ती आहे, पूर्वी काळ्या लोकांची. तिथं लोकांनी रस्त्याच्या कडेचा काठ कापून पावसाचं वाहून जाणारं पाणी झाडांच्या खड्ड्यांत वळवलं. आधी ते बेकायदाच होतं. पुढे गावानंच त्याला रीतसर परवानगी दिली. आज तिथं उन्हाळ्यात फुटपाथवर सावली आहे, आणि झाडांच्या शेंगा दळून लोक पीठ करतात. राहणाऱ्यांनी केलं म्हणून ते टिकलं. पर्यटकासाठी केलं असतं तर नुसती पाटी लागली असती.

कुणी म्हणेल, तुम्हीही बाहेरच्याच, तुमच्यासारख्यांमुळेच भाडी चढली. खरं आहे, आम्हीही उपरेच. पण म्हणून गप्प बसायचं, हे काही मला पटत नाही. उपऱ्यानं जिथं राहायचं तिथल्या शेजाराचं थोडं देणं लागतंच.

आणि तुम्ही तुमच्या गावात हे वाचत असाल, वाड्याचे वाटे पडून एकेक खण बिल्डरला जात असेल, तर मी तुम्हाला ‘वाडा पाडू नका’ असं सांगणार नाही. गळणाऱ्या माळवदाखाली चार पावसाळे काढले की असले उपदेश डोक्यात जातात. पण सही करण्याआधी एवढं जरूर विचारा, की मागच्या खोलीत चाळीस वर्षं राहणाऱ्या काकू कुठं जाणार आहेत? आणि वाडा ‘हेरिटेज’ म्हणून राखायचं ठरलं, हॉटेल करायचं ठरलं, तरी हाच प्रश्न विचारा. दोन्ही वेळा उत्तर द्यायचं टाळतात, हे मी इथं पाहिलंय.

आमच्या वस्तीची दर दोन महिन्यांनी सभा भरते. मागच्या सभेत मी भाडेकरूंचा विषय काढला. रंगांच्या छटांवर पाऊण तास चर्चा झाली होती, त्यामुळे वेळ उरला नव्हता. अध्यक्षबाई चांगल्या आहेत, त्यांनी विषय लिहून घेतला आणि पुढच्या सभेत पहिला ठेवू म्हणाल्या. तोवर दोन्यांच्या भिंतीला सीमेपलीकडून त्यांचा एक भाचा मातीच्या विटा करून द्यायला येतोय. पाऊस सुरू व्हायच्या आत काम उरकायला हवं. विटा वाळायला कडक ऊन लागतं, ते मात्र इथं फुकट आहे.